माझा अनुभव : शोधनिबंध शोधताना आणि मिळवताना

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रबंधासाठी मी झोप आणि स्मरणशक्ती यांच्या संबंधाचा विषय घेतला, तेव्हा वाचायचे साहित्य मिळवणे हेच निम्मे काम असेल असे वाटले नव्हते. गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या संकेतस्थळावर हे दोन शब्द टाकले की निकालांचा ढीग समोर येई आणि त्यातले आपल्या उपयोगाचे कोणते, हे काही केल्या ठरत नसे. वाट सापडली ती एका रिव्ह्यू पेपरमुळे. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या अशा निबंधातून त्या क्षेत्रातील अभ्यासकांची परिभाषा कळते. मला हवे असलेले बहुतेक लेखन ‘मेमरी कन्सॉलिडेशन’ (आठवणी पक्क्या होण्याची प्रक्रिया) या संज्ञेखाली होते आणि ती अवतरणचिन्हांत टाकून शोधल्यावर निकाल आटोक्यात आले. पुढे त्या निबंधाच्या संदर्भसूचीतून मी मागच्या काळातील कामापर्यंत गेले, तर स्कॉलरवरील ‘साइटेड बाय’ या दुव्यावरून त्याचा आधार घेणारे नंतरचे निबंध मिळाले. कितीही वेळा शब्द बदलून शोधण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.

निबंध सापडणे आणि तो वाचायला मिळणे यांत मात्र बरेच अंतर असते. गोषवारा सर्वांना खुला असतो, पण संपूर्ण मजकुरावर टिचकी मारली की प्रकाशक पैसे मागतो. विद्यापीठात बसून सहज उघडणारा निबंध खोलीवर आल्यावर का उघडत नाही, याचा उलगडा ग्रंथपालांनी केला : ग्रंथालयाने वर्गणी भरलेली असली, तरी प्रकाशकाची यंत्रणा वाचकाला बहुधा विद्यापीठाच्या नेटवर्कच्या आयपी पत्त्यावरून ओळखते, त्यामुळे बाहेरून वाचायचे तर ग्रंथालयाच्या प्रॉक्सीमधून, म्हणजे विद्यापीठाच्या नेटवर्कमार्फत जोडून देणाऱ्या सोयीतून, किंवा संस्थेच्या लॉगिनने जावे लागते. स्कॉलरच्या सेटिंगमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ या ठिकाणी आपल्या संस्थेचे नाव जोडले, तर ग्रंथालयाकडे उपलब्ध असलेल्या निबंधाशेजारी तसा दुवाही दिसू लागतो. इतकी उपयोगी सोय इतक्या आडबाजूला का ठेवली असावी, कोण जाणे.

ज्या नियतकालिकांची वर्गणी ग्रंथालयाकडे नव्हती, त्यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागली. एकाच निबंधाची अनेक रूपे असतात : तज्ज्ञांच्या परीक्षणापूर्वीचा प्रीप्रिंट, परीक्षणानंतर स्वीकारलेले लेखकाचे हस्तलिखित आणि प्रकाशकाने मांडणी करून छापलेली अंतिम प्रत. पैसे सहसा या शेवटच्या रूपासाठी मागितले जातात. पहिली दोन पुष्कळदा लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात किंवा पबमेड सेंट्रल या वैद्यक आणि जीवशास्त्रातील निबंधांच्या खुल्या संग्रहासारख्या ठिकाणी विनामूल्य असतात. पबमेड सेंट्रल 2000 साली सुरू झाले. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या विद्यार्थ्यांना तर 1991 पासून चालू असलेल्या अर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या खुल्या संग्रहाचा मोठाच आधार आहे. स्कॉलरच्या निकालाखालील ‘ऑल व्हर्जन्स’ उघडून पाहायची सवय मी लावून घेतली आणि ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेंशन बसवले. खुली प्रत उपलब्ध असेल, तर निबंधाच्या पानाच्या कडेला हिरवे कुलूप उघडलेले दिसते. शीर्षके सारखी असल्याने घोटाळा होऊ नये म्हणून 10 या आकड्याने सुरू होणारा डीओआय क्रमांक, म्हणजे त्या निबंधाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मी प्रत्येक नोंदीसोबत लिहून ठेवत असे, आणि प्रीप्रिंट वाचला असेल तर तसा उल्लेखही करत असे, कारण परीक्षणानंतर कोष्टकांतील आकडे आणि निष्कर्षसुद्धा बदललेले असू शकतात.

एवढे करूनही जे मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी मी थेट लेखकांना लिहिले. पहिल्या पानावर पत्रव्यवहारासाठीचा ईमेल बहुधा दिलेला असतो आणि वाचक प्रकाशकाला जे पैसे देतो त्यातून लेखकाला सहसा काही मिळत नाही, त्यामुळे प्रत मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. निबंधाचे नाव, आपला विषय आणि प्रत कशासाठी हवी आहे, एवढे दोन-तीन वाक्यांत लिहिलेले पुरते. काहींनी उत्तर दिले नाही. एका प्राध्यापकांनी मात्र मागितलेल्या निबंधासोबत त्याच प्रयोगावरचा नंतरचा निबंधही पाठवला.

जुन्या, केवळ छापील अंकांतील निबंधांसाठी आंतरग्रंथालयीन सेवा, म्हणजे आपल्या ग्रंथालयामार्फत दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवणे, हाच पर्याय उरला. त्या अर्जात खंड, अंक आणि पृष्ठक्रमांक अचूक लागतात आणि प्रत यायला वेळ लागतो, म्हणून असे अर्ज प्रबंधाचे लेखन सुरू करण्यापूर्वीच दिलेले बरे.