पाणी सरलं, का आपण?

"मामा, पाणी संपलं तर आपण कुठं पळालो?"

आज दिवेलागणीला भाचीनं वहीतून मान वर काढून विचारलं. वाक्य होतं, 'वुई रॅन आउट ऑफ वॉटर.' खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आम्ही पाण्याबाहेर पळालो.' मग खोडलं होतं. खोडून खोडून कागद तेवढ्या जागी पातळ झाला होता.

तिला म्हणलं, बाळा, तिन्ही शब्द एकत्र धर. 'रन आउट ऑफ' म्हणजे जवळचं होतं ते संपणं. 'द वॉटर रॅन आउट' असंही चालतं, तिथं 'ऑफ' लागत नाही.

तिला पटलं. मी मात्र अडकलो त्या 'वुई'वर.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ही पोर अगदी लहान होती. घागरींच्या रांगेत आम्ही सगळे एकच बोलायचो, 'पाणी सरलं.' मांजरा नदी आटली, बोअर आटला. वाक्यात 'आम्ही' कधी आलंच नाही. जसं काही पाणी आपल्या पायानं निघून गेलं.

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "दिवा लावल्यावर सरलं म्हणू नाही बाई." बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणणारी ती माणसं.

भाचीनं शेवटी लिहिलं, 'आमच्याजवळचं पाणी संपलं.' 'आमच्याजवळचं' हा शब्द तिनं स्वतःच घातला, मी सांगितला नव्हता.

तुमच्याकडं काय म्हणतात? संपलं, सरलं, का आटलं?