बॉम्ब लावल्यानंतरचे 40 सेकंद

काउंटर-स्ट्राइक हा दोन संघांचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम मी अनेक वर्षांपासून खेळत आहे. त्यात टी (दहशतवादी) बॉम्ब लावतात आणि सीटी (दहशतवादविरोधी) त्यांना रोखतात किंवा बॉम्ब निकामी करतात. या काळात हातात आलेले जे राउंड (सामन्यातील डाव) निसटले, त्यांतील बहुतेक नेमबाजी कमी पडल्यामुळे नव्हे, तर बॉम्ब लावून झाल्यानंतरच्या उतावीळपणामुळे निसटले, असे मला जुने सामने पुन्हा पाहताना स्पष्ट दिसले. साइटवर (बॉम्ब लावण्याच्या ठरलेल्या जागेवर) कोणत्या बाजूने शिरायचे, स्मोक (धुराचे ग्रेनेड) कुठे टाकायचे, पहिला कोण आणि त्याच्या पाठीशी कोण, हे सारे आम्ही नीट ठरवत असू. परंतु बॉम्ब जमिनीवर ठेवला गेला की आपले काम झाले अशा समजुतीने प्रत्येक जण उरलेल्या सीटींच्या शोधात निघत असे. एका सामन्यात 12-11 अशी आघाडी असताना आम्ही तिघे जिवंत होतो, समोर दोघे होते आणि बॉम्ब लागलेला होता. तिघेही एकेक करून आवाजाच्या दिशेने गेलो, एकेक करून मेलो, आणि त्या दोघांनी बॉम्ब निवांतपणे निकामी केला. त्या दिवसापासून मी या 40 सेकंदांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

राउंड सुरू होतो तेव्हा घड्याळ सीटींच्या बाजूने असते. 1 मिनिट 55 सेकंदांत बॉम्ब लागला नाही तर टी हरतात, म्हणून पुढे सरकण्याची सक्ती टींवर असते. बॉम्ब लागताच ही सक्ती दुसऱ्या बाजूवर जाते. आता 40 सेकंदांत काहीच घडले नाही तर राउंड टींचा होतो, मग त्यांचा एकही खेळाडू जिवंत नसला तरी. त्यातही सीटींना पूर्ण 40 सेकंद मिळत नाहीत. किट (बॉम्ब निकामी करण्याचे साधन) नसेल तर बॉम्ब निकामी करण्यास 10 सेकंद लागतात आणि खेळातल्या पैशांत 400 डॉलरची किट असेल तर 5. म्हणजे किट नसलेल्या खेळाडूने तिसाव्या सेकंदाच्या आत बॉम्बला हात लावलाच पाहिजे. शिवाय हे काम मध्येच सुटले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. व्हॅलोरंट या अशाच दुसऱ्या खेळात स्पाइक (तेथील बॉम्ब) अर्धा निकामी झाला की तेवढे काम जमा राहते, तशी सवलत येथे नाही. त्यामुळे डिफ्यूज (बॉम्ब निकामी) करणाऱ्याला ठार मारणे हे आपले उद्दिष्ट असण्याची गरज नाही. त्याला एकदा उठवले, तरी पुष्कळदा राउंड जिंकलेला असतो.

अडचण अशी की बॉम्ब लागल्यावर पडद्यावरील आकडे नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी बॉम्बचे चिन्ह लुकलुकू लागते. उरलेला वेळ बीपच्या वाढत्या गतीवरून ताडावा लागतो. ज्याने संगीत चालू ठेवले आहे त्याला शेवटच्या 10 सेकंदांचा इशारा ऐकू येतो, आणि नेमका तोच क्षण किट नसलेल्यांची आशा संपण्याचा असतो. आमच्या पाच जणांत आता एकाकडे वेळ मोजण्याचे काम सोपवलेले आहे. तो मेला तरी मोजणे थांबवत नाही, आणि बाकीचे त्याच्या आकड्यांच्या मध्ये बोलत नाहीत.

बॉम्ब कुठे ठेवायचा, याचा निर्णय मात्र साइटवर शिरण्याच्या आधीच झालेला असावा, कारण नंतर आपण कुठे उभे राहणार हे त्यावरच ठरते. इन्फर्नो या नकाशाच्या बी साइटवर बनाना नावाच्या वाटेतून दिसेल असा बॉम्ब ठेवला, तर साइट सोडून बनानात मागे सरकता येते आणि तेथून डिफ्यूज करणाऱ्यावर गोळी झाडता येते. डस्ट 2 या नकाशाच्या ए साइटवर लाँग नावाच्या वाटेतून दिसणारा बॉम्ब हाच लाभ देतो. घाईत एखाद्या खोक्याच्या आड, केवळ लावणाऱ्याला सुरक्षित वाटले म्हणून ठेवलेला बॉम्ब बाहेरून कोणालाच दिसत नाही; मग त्याचे रक्षण करण्यासाठी साइटवरच थांबावे लागते आणि सीटींना आपल्याला कोपऱ्याकोपऱ्यातून हुडकून काढणे सोपे जाते. गोळीबार चालू असताना आडोशाला बॉम्ब ठेवण्यावाचून इलाज नसतो, हे मला मान्य आहे. पण साइट रिकामी मिळाली असतानाही सवयीने तसे करणे मला अक्षम्य वाटते.

आगीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते पोस्ट-प्लँटमध्ये (बॉम्ब लावल्यानंतरच्या टप्प्यात) मॉलीइतके (आग लावणाऱ्या मोलोटोव्हइतके) मोलाचे काहीच नाही आणि बहुतेक जण ती साइटवर शिरतानाच खर्च करून मोकळे होतात. मॉलीची आग सुमारे 7 सेकंद जळते. बॉम्ब दिसतही नाही अशा दूरच्या जागेवरून, आधी सराव केलेल्या लाइनअपने (ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या नेमाच्या फेकीने) ती थेट बॉम्बवर टाकता येते. ती कधी टाकायची, यातच सारे कौशल्य आहे. डिफ्यूज सुरू झाल्याचा आवाज येताच लगेच मॉली फेकू नये. अनुभवी सीटी बॉम्बला क्षणभर हात लावून सोडतो, तो आपली मॉली वाया घालवण्यासाठी किंवा आपल्याला आडोशातून बाहेर काढण्यासाठीच. एक-दोन सेकंद थांबून तो खरोखर बसला आहे याची खात्री करावी, मात्र त्याच्याजवळ किट असू शकते आणि मॉली हवेतून पोहोचण्यासही वेळ लागतो, हे विसरून अधिक रेंगाळू नये. समोरच्याकडे स्मोक असेल तर तो ही आग विझवू शकतो, म्हणून दोघांकडे मॉली असतील तर दोन्ही एकदम टाकू नयेत.

स्फोटक ग्रेनेडचा उपयोग निराळा आहे. काही खेळांत फ्रॅगची (अशा ग्रेनेडची) पिन काढून तो हातात धरून ठेवता येतो आणि फुटण्याची वेळ जुळवता येते. काउंटर-स्ट्राइकमध्ये फ्यूज ग्रेनेड हातातून सुटल्यावरच सुरू होते, त्यामुळे वेळ साधायची ती फेकीच्या अंतरातून आणि भिंतीवरच्या टप्प्यातून. चिलखत घातलेला, पूर्ण आरोग्य असलेला खेळाडू एका ग्रेनेडने मरत नाही. पण काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये स्फोटाने धूर क्षणभर बाजूला सरतो, आणि हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. सीटी बॉम्बवर स्मोक टाकून आत बसला असेल, तर एकाने ग्रेनेड टाकावा आणि दुसऱ्याने आधीच नेम धरून त्या उघडलेल्या फटीतून गोळ्या झाडाव्यात. हे एकट्याने साधणे कठीण आहे, कारण ग्रेनेड फेकून बंदूक हातात येईपर्यंत फट मिटू लागते.

उभे राहण्याच्या जागाही दोघांनी परस्परांना सांगून निवडाव्यात. एकाला शोधण्यासाठी सीटीने मान वळवली की दुसऱ्याला त्याची पाठ दिसावी, इतके अंतर दोघांमध्ये असावे. एकावर गोळीबार सुरू होताच दुसऱ्याने त्याच क्षणी बाहेर यावे, तो मेल्यानंतर नव्हे.

शेवटचे 5 सेकंद उरले की किट असलेला सीटीही नव्याने सुरुवात करून काही करू शकत नाही. कोणी आधीपासून बॉम्बवर बसलेला नसेल, तर तेथे थांबण्यात अर्थ नाही, कारण स्फोट आपला-परका पाहत नाही. आम्ही आता मोजणाऱ्याने आकडा उच्चारताच ठरलेल्या वाटेने साइटपासून दूर पळतो. वाचलेली रायफल पुढच्या राउंडला हातात असते, आणि त्यातून उरलेल्या पैशांत आणखी एक मॉली घेता येते.