वेर्दू ते मान्रेसा: एका लंगड्या वाटसरूच्या मागे

मनमाडजवळच्या आमच्या मळ्यातली विहीर खोदताना आजोबांना गहू आणि तेल मिळाले ते एका स्पॅनिश फादरकडून, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. व्हिसेंट फेरर मूळचे बार्सिलोनाचे. १९५२ साली ते येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे, सदस्य म्हणून भारतात आले आणि मनमाड भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना विहिरींसाठी मदत करू लागले. १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईकडे पायी निघाले. त्यांत आजोबाही होते. आषाढीची वारी न चुकवणारा हा माणूस एका फादरसाठी मुंबईपर्यंत चालत गेला, याचे मला नेहमी कुतूहल वाटे. म्हणून नोकरीतून मोकळा झाल्यावर हे फादर ज्या संघाचे होते, तो संघ जिथे अंकुरला त्या वाटेवर आपणही थोडे चालावे असे ठरवले.

येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस १५२२ साली ज्या वाटेने गेला, ती स्पेनच्या बास्क प्रदेशातील लोयोलापासून कातालोनियातील मान्रेसापर्यंतची ही वाट साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. माझ्या गुडघ्यांचा विचार करून मी फक्त शेवटचा टप्पा घेतला, वेर्दू ते मान्रेसा. वेर्दू हे पेद्रो क्लावेर यांचे जन्मगाव. १५८० साली जन्मलेला हा येशूसंघीय पुढे दक्षिण अमेरिकेतील कार्ताहेना बंदरात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या जहाजांवर अन्नपाणी घेऊन जात असे. त्यांच्या घरासमोर उभा असताना मला हेही आठवत होते की याच संघाच्या मेरीलँडमधील सदस्यांनी १८३८ साली आपल्या मालकीची २७२ गुलाम माणसे विकली. संताच्या गावातून बाहेर पडताना हा हिशेब मागे टाकता आला नाही.

या वाटेवर खुणेचे बाण नारिंगी असतात. त्याच रस्त्यांवर सांतियागो या तीर्थक्षेत्राला जाणाऱ्यांचे पिवळे बाण आहेत आणि ते नेमके उलट दिशेला, पश्चिमेकडे नेतात. सेर्वेरा सोडल्यावर विचारांच्या नादात मी तासभर पिवळ्या बाणांमागे चालत राहिलो आणि पुन्हा त्याच गव्हाच्या शेताशी येऊन उभा राहिलो. ईगुआलादाचा तो पल्ला आधीच पस्तीसेक किलोमीटरचा आहे. त्या संध्याकाळी पाय कसे होते ते लिहीत नाही. इग्नेशियसच्या आत्मकथनातही वाट फुटण्याचा एक प्रसंग आहे. वाटेत भेटलेल्या एका मुस्लिमाने कुमारी मरियेबद्दल शंका काढली, म्हणून त्याच्यामागे जाऊन खंजीर चालवावा की नाही, हा निर्णय इग्नेशियसला होईना. त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. खेचराने त्या माणसाच्या गावाची रुंद वाट सोडून दुसरी धरली. तो तोवर सरदारच होता, आणि एका खेचराच्या शहाणपणामुळे त्याच्या हातून खून टळला, हे त्याने स्वतःच पुढे प्रांजळपणे सांगून ठेवले आहे.

हा सरदार १५२१ च्या मे महिन्यात पांपलोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने जायबंदी झाला होता. अंथरुणावर त्याला शौर्यकथा वाचायच्या होत्या, पण घरात होती ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. बरा होऊन, एक पाय आखूड झालेला असताना, तो जेरुसलेमला जायचे ठरवून निघाला.

मॉन्सेरातची चढण मी सकाळी लवकर धरली. करवतीच्या दात्यांसारखे सुळके आधी धुक्यात होते, मग एकेक करून उघडे पडले. वर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे आणि मंदिरात काळ्या वर्णाची मरियामाता. १५२२ सालच्या २४ मार्चच्या रात्री इग्नेशियसने भरजरी कपडे एका भिकाऱ्याला दिले, तलवार आणि खंजीर मातेपाशी ठेवले आणि रात्रभर जागरण केले. पुढे त्याला कळले की कपडे चोरल्याच्या संशयावरून त्या भिकाऱ्याला त्रास झाला, तेव्हा त्याला रडू आले. दान देणाऱ्याला दानाचे पुढे काय होते हे माहीत नसते, ते असे.

सायंप्रार्थनेला साधू गात होते. बेनेडिक्टाइन साधू आयुष्यभर एकाच मठात राहण्याचे व्रत घेतो आणि दिवसाचे प्रहर सामुदायिक गायनाने बांधतो. इग्नेशियसने त्या रात्री हे सारे ऐकले असणार. तरीही १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी मान्य केलेल्या त्याच्या संघात ना असे गायन, ना ठरावीक वेष, ना कायमचा मठ. सदस्य पाठवतील तिथे जायला मोकळा असला पाहिजे. जग हेच आपले घर, अशा अर्थाचे त्याचा सहकारी जेरोनिमो नादाल याने लिहिले. आळंदीहून निघालेल्या दिंड्या भजन म्हणतच चालतात, त्यामुळे चालण्यासाठी गाणे सोडावे लागते ही कल्पना मला मठाच्या बाकावर बसून जरा परकीच वाटली.

पण त्या मोकळेपणाचा वेग दांडगा होता. संघाला मान्यता मिळण्याच्या सहा महिने आधीच फ्रान्सिस झेवियर रोमहून निघाला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. त्याच झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, मागितले. आणि त्याच संघाच्या थॉमस स्टीफन्सने ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले, जे १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. आपल्या भाषेपुरता विचार करायचा तर मी स्टीफन्सचा ऋणी आहे. झेवियरबद्दल तसे म्हणवत नाही.

मॉन्सेरातहून खाली उतरताना वाट सांता सेसिलियाच्या जुन्या देवळावरून जाते. इग्नेशियस इथून चालला तो गोणपाटाच्या अंगरख्यात आणि फक्त दुखऱ्या पायात दोरीची चप्पल घालून. मान्रेसात थोडे दिवस थांबायचे म्हणून आला आणि सुमारे अकरा महिने राहिला. भीक मागितली, रुग्णालयात सेवा केली, उपासाने प्रकृती बिघडवून घेतली, आत्महत्येचा विचारही मनात आला. मग कार्देनेर नदीकाठी बसला असताना त्याला जे उमगले ते पुढे सगळ्या शिक्षणाहून मोठे वाटले. ‘आध्यात्मिक साधना’ या त्याच्या ग्रंथाचा गाभा इथलाच.

मान्रेसात इग्नेशियस जिथे प्रार्थना करी ती गुहा आता चर्चच्या पोटात गेली आहे, संगमरवराने मढवलेली. मला ती फार सजवल्यासारखी वाटली. बाहेर येऊन जुन्या पुलाजवळ नदीकाठी बूट काढून बसलो, तिथून मॉन्सेरातचे दाते स्पष्ट दिसत होते.

यात्रेकरूच्या पुस्तिकेवर शेवटचा शिक्का मारणाऱ्या वयस्क गृहस्थांनी गाव विचारले. मनमाड त्यांना ठाऊक नव्हते. मी फेररांचे नाव घेतले तेव्हा ते लगेच ‘अनंतपूर!’ म्हणाले. १९७० मध्ये संघ सोडल्यावरचे फेररांचे आंध्रातले काम तिथे सर्वांना माहीत आहे, त्याआधीच्या आमच्या विहिरी नाहीत. मी त्यांच्या वहीत रोमन लिपीत मनमाड लिहिले, खाली देवनागरीत पुन्हा लिहिले, आणि त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिले.