तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रस्टचं हॉस्पिटल ना, मग बिल एवढं कसं?

लग्नात, लिफ्टमध्ये, भाजी घेताना, कुठेही. "तुम्ही त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात होतात ना, मग सांगा, धर्मादाय म्हणवता आणि बिल फाइव्ह स्टारचं कसं?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर चोर सापडल्याचा आनंद असतो. मी तिथे समाजसेवा विभागात होते, बिलिंगला नव्हते, पण हे सांगून उपयोग होत नाही. तर एकदाच सगळं लिहून टाकते.

ट्रस्ट म्हणजे फुकट नाही. उरलेला पैसा कुणा मालकाच्या घरी जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण उरावा तर लागतोच ना! पगार, वीज, ऑक्सिजन सगळं बाजारभावानेच येतं. आयकराचा नियम असा की उत्पन्नातले 85 टक्के संस्थेच्या कामावर खर्च करायचे, 15 टक्के बाजूला ठेवले तरी चालतात. आणि नवीन इमारत, नवीन एमआरआय हेसुद्धा "संस्थेचं काम"च धरतात. हॉस्पिटलं वाढतात ती अशी. नफा वाटता येत नाही म्हणून तो विटांत जातो, मग त्या विटांचा खर्च भागवायला आणखी पेशंट लागतात, बिल भरणारे.

आमचं पण असंच झालं. भाड्याच्या जागेत दवाखाना, मग तीस खाटा, मग देणगीदाराच्या नावाची इमारत, मग शेजारच्या तालुक्यात शाखा, मग अजून एक. सुरुवातीचे डॉक्टर पेशंटचा खिसा बघून फी सांगायचे म्हणे. ही गोष्ट प्रत्येक वर्धापनदिनाला ऐकलीये आणि दर वेळी माझ्या मनात आलंय की तेव्हा तिथे होतं तरी काय? स्टेथोस्कोप, सलाईन आणि एक एक्स-रे.

मग कुणीतरी मदुराईच्या अरविंद डोळ्यांच्या हॉस्पिटलचं नाव काढतं. 1976 साली 11 खाटांवर सुरू झालं, पैसे देणाऱ्यांच्या जोरावर गरिबांचे डोळे फुकट करतं, त्यांना जमतं तर तुम्हाला का नाही? अहो, त्यांचं कौतुक मलाही आहेच. पण मोतीबिंदू ही एकच शस्त्रक्रिया हजारो वेळा, ठरलेल्या पद्धतीने करता येते, लेन्स महाग पडते म्हणून त्यांनी 1992 मध्ये स्वतःचा लेन्सचा कारखाना काढला. कमी दिवसांच्या बाळाचा कारखाना कसा काढणार? एक बाळ पाच दिवसांत घरी जातं, दुसरं दोन महिने व्हेंटिलेटरवर राहतं, आणि कुठलं कसं वागेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

बाळाचा विषय निघालाच आहे तर सांगते. एक रिक्षावाला, बायकोची सातव्या महिन्यात डिलिव्हरी झालेली, बाळ आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. मुंबई हायकोर्टाच्या योजनेप्रमाणे, म्हणजे 2006 पासून, आमच्यासारख्या हॉस्पिटलांनी 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, आणि एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. त्याचा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मोफतच्या मर्यादेच्या जरासा वर निघाला. जरासाच. म्हणजे तो सवलतीच्या रांगेत, म्हणजे औषधं आणि साहित्याचं निम्मं बिल तरी त्याला भरावंच लागणार. आता कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सोडायचं सरफॅक्टंटच किती महाग असतं ते ज्यांना भरावं लागलंय त्यांना विचारा. तो माझ्या टेबलासमोर मोबाइलवर बेरीज करत बसला, खोडून परत केली, आणि म्हणाला, "मॅडम, निम्म्याचं निम्मं नाही का होत?"

मी फाइल घेऊन वर गेले. सुपरिटेंडेंट वाईट माणूस नव्हते हो, पण त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "फंड मायनसमध्ये आहे. धर्मादाय आयुक्तांकडे रिपोर्ट तूच पाठवतेस, तुला माहीत नाही?" माहीत होतं. गुडघे, स्टेंट, डायलिसिस यात तो आधीच संपला होता, आणि त्या सगळ्या केसेस मीच मंजूर करून घेतल्या होत्या, त्यातली एकही खोटी नव्हती. मी म्हटलं, मायनस आणखी थोडा होऊ दे. ते म्हणाले, प्रत्येक जण येऊन हेच म्हणतो.

संध्याकाळी बाळाला सरकारी हॉस्पिटलला हलवलं. आमची ॲम्ब्युलन्स, आमचा रेसिडेंट डॉक्टर सोबत, बाळ स्थिर केलेलं, कागद पूर्ण. नियमाप्रमाणे बोट ठेवायला जागा नाही. आईला अजून धड चालता येत नव्हतं, ती व्हीलचेअरवरून विचारत होती की हे हॉस्पिटल मोठं आहे ना, मग तिकडे का नेताय? मी म्हटलं तिकडे पण चांगले डॉक्टर आहेत. आणि होतेच. बाळ वाचलं. पुढच्या मीटिंगमध्ये आमच्याकडे ती केस "यशस्वी रेफरल" म्हणून सांगितली गेली, तेव्हा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. वाचवलं त्यांनी, जिथे ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं ठेवतात, आणि यश आमच्या स्लाइडवर.

नोकरीला लागले तेव्हाची मी असते तर म्हणाले असते की नवी शाखा काढायची गरजच काय होती, ते पैसे निधीत टाका. आता मी तिला सांगते, बाई, शाखा नसती, एनआयसीयू नसतं, तर ते बाळ पहिल्या तासातच रस्त्याला लागलं असतं. तीस खाटांच्या काळात आम्ही कुणाला नाही म्हणत नव्हतो कारण द्यायलाच काही नव्हतं. यावर ती म्हणते, मग एनआयसीयू कुणासाठी बांधलंस? गप्प मी पण बसत नाही, ती पण नाही.

आणि एक कबूल करते, लोकांचा संशय हवेतून आलेला नाही. 1988 मध्ये परदेशी यंत्रांवर कस्टम ड्युटी माफ होती, अट अशी की ओपीडीतले 40 टक्के पेशंट मोफत तपासायचे आणि महिना 500 रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी 10 टक्के खाटा राखायच्या. सवलत घेऊन अट विसरलेली हॉस्पिटलं निघाली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जमीन, जादा चटईक्षेत्र (म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी), करमाफी घ्यायची आणि गरीब आला की "खाट रिकामी नाही" म्हणायचं, हे होतं, मी पाहिलंय. पण सगळेच चोर म्हटलं की मला राग येतो, आणि सगळेच साधू म्हटलं की हसू.

तर पुढच्या वेळी मला पकडण्यापेक्षा एक करा. तातडीचा पेशंट असेल तर आधी दाखल करून स्थिर करायचं, डिपॉझिट मागायचं नाही, हे त्याच योजनेत आहे, ते काउंटरवर मोठ्याने सांगा. मोफतची उत्पन्न मर्यादा आता वर्षाला 1,80,000 आहे आणि सवलतीची 3,60,000, रेशनकार्ड आणि दाखला पहिल्याच दिवशी घेऊन समाजसेवकाला गाठा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. डिस्चार्जच्या दिवशी येणाऱ्यांना मी काय सांगायचे ते आता परत सांगत नाही.