टायर १५ चं १६ झालं, मग हवा किती?

या उन्हाळ्यात गाडीचे टायर बदलायला झाले, तेव्हा १५ इंची रिम काढून १६ इंची अलॉय बसवले. जुना साइज १८५/६५ आर१५, नवा १९५/५५ आर१६. दोन्हींचा बाहेरचा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास येतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि चाक कुठे घासत नाही. साइज ठरवायला वेळ लागला नाही. घोळ झाला तो हवेचा.

टायर बसवणारा पोरगा म्हणाला, "मोठं टायर हाय ओ काका, पस्तीस टाकतो." होटगी रोडच्या पंपावर दुसराच सल्ला मिळाला, "उन्हाळा हाय, अठ्ठावीसच ठेवा, न्हाईतर फुटतंय." शेजाऱ्यांनी टायरच्या बाजूवर छापलेला ५१ दाखवला. तो आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, रोज किती हवा भरायची ते नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३२ होतं, पण तेही जुन्या साइजसाठी.

उत्तर टायरवरच होतं. साइजच्या पुढे एक छोटा आकडा असतो, लोड इंडेक्स. माझ्या जुन्या टायरवर ८८ होता, नव्यावर ८७. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, ८७ म्हणजे ५४५. पण हे वजन पूर्ण दाबाला, म्हणजे २५० किलोपास्कल किंवा साधारण ३६ पीएसआयला (पीएसआय म्हणजे पंपावर सांगतात ते हवेच्या दाबाचं माप, वरचे सगळे आकडे त्यातलेच). दाब कमी केला की पेलण्याची ताकदही उतरते. टायर कंपन्यांच्या तक्त्यांत ते दिलेलं असतं. जुना टायर ३२ ला सुमारे ५०५ किलो पेलत होता. नवा त्याच ३२ ला ४९२ च्या आसपास येतो. ५०५ गाठायला त्याला ३३ लागतात. म्हणजे फरक एका पीएसआयचा. ३५ची गरज नव्हती आणि २८ तर धोक्याचं होतं.

नव्या टायरवर 'एक्सएल' (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भाराचा टायर) लिहिलेलं असेल तर तक्ता वेगळा लागतो. त्याचा लोड इंडेक्स मोठा असतो, पण ते वजन पेलायला ४२ पीएसआय लागतात. म्हणून एक्सएल टायर भक्कम आहे तर हवा कमी चालेल, असं धरू नये. आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला हा साइज कंपनीतूनच येत असेल, तर त्या गाडीचा स्टिकर वाचावा. ते सगळ्यात सोपं.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, म्हणून लोकांना भीती वाटते, ते समजतं. पण हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्या दबण्यानं आतून तापते, आणि पुणे-हैदराबाद हायवेवर शंभरच्या वेगात असा टायर फुटू शकतो. चालताना तापून दाब चार-पाच पीएसआय वाढतो, ते स्टिकरच्या आकड्यात आधीच धरलेलं असतं. तापलेल्या टायरमधून हवा सोडली की रात्री गार झाल्यावर तो कमी हवेचा होतो.

म्हणून मोजायचं ते सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, स्वतःच्या गेजनं. दुपारी एका बाजूवर ऊन पडलं की त्या बाजूची दोन चाकं जास्त दाखवतात. तो आकडा धरू नये.

३३ भरल्यावर खात्री करायला टायरच्या रुंदीवर खडूची जाड रेघ मारली आणि विजापूर रोडच्या सरळ पट्ट्यावर थोडं अंतर गाडी चालवली. मधली रेघ आधी पुसली तर हवा जास्त, कडेची पुसली तर कमी. माझी रेघ सगळीकडे सारखी पुसट झाली. ही ढोबळ तपासणी आहे, पण आकड्याला दुजोरा मिळाला.

घरातले सगळे, वर सामान, असं तुळजापूरला निघालो की मागची चाकं ३६ करतो. माझ्या स्टिकरवर पूर्ण भाराला मागे ३५ आहे, त्यात तोच एक पीएसआय मिळवला. घाटाच्या वळणावर गाडी मागून डुलत नाही. परतल्यावर, गार असताना, पुन्हा ३३.

स्टेपनी अजून जुन्या १५ इंचीचीच आहे. व्यास सारखा असल्यामुळे ती अडचणीला चालते, तेही हळू, पंक्चरच्या दुकानापर्यंत. तिच्यात ३५ भरून ठेवलीय, कारण डिकीत पडून हवा उतरतेच, आणि जास्तीची रस्त्यावरही सोडता येते, भरता येत नाही.