चालता चालता बंद पडणारं इंजिन: दोष कसा पकडला

गाडी मधेच बंद पडते, वीस मिनिटांनी काही झालंच नसल्यासारखी चालू होते आणि गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा तिच्यात काहीच सापडत नाही. माझ्या गाडीचं हेच चाललं होतं. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मल्टिपॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर), कंपनीतूनच आलेलं सीएनजी किट. थंड इंजिनावर ती कधीच बंद पडली नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालली, त्यात ट्रॅफिक किंवा चढ लागला, की मात्र एका क्षणात बंद. गॅरेजमध्ये आधी पेट्रोलचा पंप बदलून झाला, मग स्पार्क प्लग. काडीचा फरक पडला नाही, कारण दोन्ही वेळा तपासणी झाली ती गाडी नीट चालत असताना. असा दोष गाडी बंद असते त्या पंधरा-वीस मिनिटांतच सापडतो. म्हणून त्या वेळात काय काय बघायचं, हे मी आधीच कागदावर लिहून ठेवलं.

पहिली खूण बंद पडण्याच्या ढंगात असते. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन सहसा आधी ओढ सोडतं, हिसके देतं, मग थांबतं. बटण दाबून दिवा विझवावा तसं थांबलं, तर दोष बहुतेक विजेच्या बाजूचा: इग्निशन स्विच, मेन रिले (ज्यातून इंजिनाच्या संगणकाला करंट जातो), अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा). माझी गाडी दिवा विझावा तशीच बंद पडायची.

सीएनजीचा इथे फार उपयोग झाला. एक आठवडा मुद्दाम फक्त पेट्रोलवर चालवली, पुढचा आठवडा सीएनजीवर. दोन्हीवर बंद पडली. पेट्रोलचा पंप, फिल्टर आणि इंजेक्टर वेगळे; सीएनजीची टाकी, रेग्युलेटर आणि इंजेक्टर वेगळे. दोन्ही इंधनांना सामाईक काय, तर स्पार्क, सेन्सर आणि ईसीएमचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, करंट. म्हणजे पंपावरचा खर्च व्यर्थ होता, हे एकही पाना न लावता कळलं. सीएनजी नसेल तर फ्यूएल रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीवर) प्रेशर गेज लावून, गाडी बंद पडल्यावर लगेच वाचावा लागतो. अशा इंजिनांत प्रेशर साधारण ३ ते ४ बार असतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

दुसरी खूण आरपीएमच्या काट्याची. गाडी गियरमध्ये असून क्लच दाबलेला नसेल, तर बंद पडलेलं इंजिनसुद्धा चाकांमुळे फिरतच असतं. अशा वेळी काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर ईसीएमला फिरणं दिसतंय. स्पार्क किंवा इंधन शोधा. गाडी ४० च्या वेगात घरंगळत असताना काटा झटकन शून्यावर आला, तर ईसीएमला क्रँकचा सिग्नलच मिळत नाही, किंवा ईसीएमचाच करंट तुटलाय. ज्या गाड्यांत काट्याला आकडा ईसीएमकडून मिळतो, तिथे ही खूण फार खात्रीची आहे.

या दोन शक्यता वेगळ्या करायला स्कॅनर लागतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, जिथून ईसीएम वाचता येतो, ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ स्कॅनर लावला, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. फक्त चारच गोष्टी निवडल्या: आरपीएम, ईसीएमचा व्होल्टेज, कूलंटचं तापमान, थ्रॉटल. जास्त निवडल्या की हे स्वस्त स्कॅनर इतके मंदावतात की हवा तो सेकंदच निसटतो. मोबाइल चालवणाऱ्याच्या हातात नको, शेजारी माणूस बसवा.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर ती बंद पडली. इथे थोडं सुरक्षेचं. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच असतो. त्यामुळे ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा. स्टिअरिंग जड होतं. चावी लॉकपर्यंत फिरवायची नाही. चारी इंडिकेटर लावून डावीकडे घ्या.

रेकॉर्डिंग स्पष्ट होतं. कूलंट ९४ अंश, व्होल्टेज १४.१ वरून १२.३ वर आलेला, आरपीएम १,९०० वरून थेट शून्य, आणि स्कॅनरचा संपर्क एकदाही तुटलेला नाही. ईसीएम जिवंत होता. संपर्क तुटला असता तर मी मेन रिले, इग्निशन स्विच आणि ईसीएमची अर्थिंग धरली असती. अर्थिंग तपासताना ओहम मोजून भागत नाही. लोड, म्हणजे वीज खाणाऱ्या गोष्टी, चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीएमच्या अर्थ पिनेपर्यंत व्होल्टेज मोजायचा, ०.१ व्होल्टच्या वर गेला तर जोड खराब.

मग सेल्फ मारला. सेल्फ जोरात फिरत होता, एरवी अशा वेळी २०० ते ३०० आरपीएम दिसतात, पण मोबाइलवर शून्य. आता फक्त सेन्सर, त्याचा कपलर आणि त्याची वायरिंग एवढंच उरलं.

माझ्या गाडीतला क्रँक सेन्सर दोन वायरींचा, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची कॉइल. चावी बंद करून, कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला: सर्किट ओपन, म्हणजे आतली तार तुटल्यासारखी. वीस मिनिटांनी, थंड झाल्यावर तोच सेन्सर पुन्हा ओहम दाखवू लागला आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. तीन वायरींचा हॉल सेन्सर (आत कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट) असेल तर मात्र ओहम मोजू नका. त्याला ५ किंवा १२ व्होल्टचा सप्लाय आणि अर्थ मिळतेय का बघा, आणि सेल्फ मारताना सिग्नल वर-खाली होतोय का ते बघा.

एवढ्यावर नवा सेन्सर आणायला निघालो नाही, कारण तुटकी वायर किंवा सैल पिनही अशीच वागते. घरी सेन्सरच्या कपलरपासून ईसीएमच्या कपलरपर्यंत दोन्ही वायरी मोजल्या: प्रत्येकी १ ओहमच्या आत. वायरी एकमेकींना किंवा बॉडीला लागत नव्हत्या. वायरिंग वाकवत, ओढत पुन्हा मोजलं, आकडा हलला नाही. मग सेन्सर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी गरम पाण्यात धरली, शेजारी थर्मामीटर. ३० अंशांना ८७० ओहम, ७० अंशांना १,००० च्या आसपास. एवढी वाढ दोष समजू नये. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतोच. ८५ च्या पुढे आकडा एकदम गायब. आतली तार कुठेतरी तुटलेली होती आणि भोवतालचं प्लॅस्टिक तापून फुगलं की टोकं सुटत होती. गार झालं की पुन्हा चिकटत होती.

क्रँक सेन्सरच्या दोषाचा पी०३३५ हा कोड स्कॅनरवर कधीच का आला नाही, याचं उत्तरही यातच आहे. सिग्नल गेला की ईसीएम इंधन तोडतो, लगेच इंजिन थांबतं, आणि थांबलेल्या इंजिनाचा सिग्नल शून्यच असायला हवा. सेल्फ मारताना कॅम सेन्सरचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टवरच्या सेन्सरचे) पल्स येतात पण क्रँकचे येत नाहीत, असं काही फेऱ्या दिसलं तरच बरेच ईसीएम कोड नोंदवतात. आपण दोन सेकंदांत सेल्फ सोडून देतो. त्यामुळे स्कॅनरवर कोड नाही म्हणून सेन्सर चांगला, हा निष्कर्ष काढू नका.

नवा सेन्सर बसवणं दहा मिनिटांचं काम, १० नंबरचा एकच बोल्ट. पण ज्या भोकात तो बसतो ते आधी कापडाने पुसा. जुन्याच्या टोकाला लोखंडी कीस चिकटलेला असतो, तो आत पडता कामा नये. ओ-रिंगला (सेन्सरवरच्या रबरी रिंगला) तेलाचं बोट लावा आणि सेन्सर हाताने पूर्ण बसल्यावरच बोल्ट आवळा. बोल्टने ओढून बसवला तर तो तिरका राहतो, क्रँकवरच्या रिंगच्या दातांपासूनची एअर गॅप (मधलं अंतर) बिघडते आणि जास्त आरपीएमला मिसफायर (सिलिंडर न पेटणं) सुरू होतो. वायर एक्झॉस्टपासून लांब, मूळच्या क्लिपमध्येच अडकवा.

त्यानंतर तोच घाट भर दुपारी एसी लावून दोनदा चढवला, एकदा पेट्रोलवर, एकदा सीएनजीवर. कूलंट ९६ पर्यंत गेला, आरपीएमच्या रेघेत कुठेही खाच नाही. वर पोहोचल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं बॉनेट न उघडता थांबलो. अशा वेळी इंजिनाभोवतीची उष्णता आणखी वाढते, जुना सेन्सर इथे हमखास ओपन झाला असता. सेल्फ मारताच मोबाइलवर २५० आरपीएम दिसले आणि इंजिन चालू झालं.