जिप्सी उंच करायची, पण नेमकी किती?

आमची भाताची खाचरं भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडे. डांबरी रस्ता संपला की शेवटचे 3 किलोमीटर दगड, चिखल आणि एक ओढा. गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत त्या ओढ्यात जिप्सी दोनदा खालून घासली. त्याच रात्री ठरवलं, गाडी उंच करून घ्यायची. खर्च 30,000 रुपयांच्या आत बसवायचा होता.

जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे दोन चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगा. त्यामुळे उंच करायचे मार्ग बरेच. सगळ्यात स्वस्त म्हणजे लांब शॅकल. पाट्याचं एक टोक ज्या दोन पट्ट्यांवर झुलतं, त्या पट्ट्याच मोठ्या करायच्या. दुसरं टोक जागेवरच असल्यामुळे शॅकल 2 इंच वाढवला तर गाडी साधारण 1 इंचच उठते. मी 3 इंच वाढवून घेतले. एका दुपारचं काम, दीड इंच उंची. दिसायला गाडी एकदम रुबाबदार.

पुढच्याच रविवारी आईला घेऊन गावाला निघालो. सातारा रस्त्याला 70 च्या वेगात शेजारून ट्रक गेला आणि स्टेअरिंग हातात हलकं पडलं. गाडी सरळ धरून ठेवावी लागत होती. कापूरहोळच्या फाट्याला वळलो, तर वळणानंतर चाकं आपणहून सरळ येईनात. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब झाला की अख्खा अ‍ॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर, म्हणजे चाकं आपोआप सरळ आणणारा कल, कमी होतो आणि गाडी रस्ता शोधत फिरते. आईने पूर्ण वाट समोरचा धरायचा दांडा सोडला नाही. ते मला फार लागलं.

मग ट्रकचे पाटे करणाऱ्या एका मामांकडे गेलो. त्यांनी आधी पान्याला हातच लावला नाही. टेप काढला आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घेतली. उजवी बाजू डावीपेक्षा 22 मिलिमीटर खाली. “दादा, तुमचे पाटेच बसलेत. कमान राहिलीच नाही,” म्हणाले. मग बॅटरी घेऊन मला गाडीखाली यायला सांगितलं. “घासलंय कुठे ते बघा आधी.”

ओरखडे बहुतेक सगळे डिफ्रेन्शियलच्या, म्हणजे मधल्या गिअरच्या गोळ्याच्या, पोटावर आणि पाटे आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या खालच्या प्लेटांवर होते. चासीच्या आडव्या पट्टीवर फक्त एक. हे आधी कळलं असतं तर पैसे वाचले असते. पाटे, शॅकल, काहीही उंच केलं तरी डिफ्रेन्शियल तिथेच राहतो, कारण तो अ‍ॅक्सलचाच भाग. तो वर उचलतं ते फक्त टायर. मूळ 205/70 आर 15 च्या जागी 215/75 आर 15 टाकला की अ‍ॅक्सल 18 मिलिमीटरच्या आसपास वर येतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दगडावर तेवढंच उपयोगी पडतं. स्पीडोमीटर मात्र जवळजवळ 5 टक्के कमी दाखवतो, ते लक्षात ठेवावं लागतं.

बाकीचे पर्याय भराभर बाजूला पडले. जुने पाटे ठोकून कमान आणली तर ते पुन्हा बसतात. एक जादा पाटा घातला तर गाडी हाडं खिळखिळी करते. पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतले तर जवळजवळ 5 इंच मिळतात, पण मग स्टेअरिंगच्या दांड्या, इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन, सगळंच बदलत जातं. आणि 5 इंच वर आई चढणार कशी? शिवाय 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की गाडी कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाही. विम्याच्या दाव्यात तोच मुद्दा निघू शकतो.

शेवटी जुने शॅकल परत लावले, नवे पाटे आणि ते टायर घेतले. उरलेले पैसे शॉकअप आणि ब्रेकच्या होजवर, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्यांवर, घातले, ते मामांच्या आग्रहाने. त्यांनी पुढचं एक चाक जॅकवर घेतलं आणि लोंबत्या अ‍ॅक्सलवरचा जुना होज बोटाने दाबून दाखवला. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला. खड्ड्यात चाक आणखी खाली गेलं असतं तर ब्रेकच गेला असता. जुन्या शॉकअपची लांबीही तिथेच संपत होती, म्हणून थोडे लांब घेतले.

शॅकलचे बोल्ट त्यांनी गाडी जमिनीवर उतरवल्यावरच घट्ट केले. हवेत आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट आवळायला बोलावलं, तेव्हा सगळेच पाऊण-पाऊण वळण फिरले.

गाडी मागे 40, पुढे 35 मिलिमीटर उठली, टायर धरून. एकूण 29,400 रुपये, फुकट गेलेल्या शॅकलचे पैसे वेगळे. यंदा लावणीला पाचदा ओढा ओलांडला. डिफ्रेन्शियल एकदा घासला, चासी नाही. आई पुढच्या सीटवर पूर्वीसारखीच एका पावलात चढते.